सीपॅप, नाकाचा मास्क आणि तोंडातून सुटणारी हवा: चिन स्ट्रॅप कसा बांधायचा?

जागरण: सीपॅपला (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं मशीन) नेझल मास्क आहे, प्रेशर ११. सकाळी तोंडाला कोरड पडलेली असते आणि लीकचा, म्हणजे सुटणाऱ्या हवेचा, आकडा रात्रभर वरखाली होतो. फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) मास्क घेण्याआधी हनुवटीचा पट्टा लावून बघायचा आहे. तो कानाच्या पुढून न्यायचा की मागून, आणि घट्ट किती?

शेवटची_कूस: आधी हवा नेमकी कुठून जातेय ते शोधा, नाहीतर पट्टा फुकट. मशीन चालू करून आडवे पडा, तोंड मिटा आणि मास्कच्या कडेने ओला हात फिरवा. डोळ्यांच्या कोपऱ्याशी किंवा वरच्या ओठापाशी गार झोत लागला, तर दोष मास्कच्या बसण्यात आहे. तिथे काहीच लागलं नाही, तर लीकचा आलेख बघा. जबडा सुटला की तो बहुधा एकदम चढतो, बराच वेळ वरच राहतो आणि तसाच एकदम उतरतो. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या पुढे गेलं की लीक जास्त धरतात. काही मशीन मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवाही त्यात मोजतात, तेव्हा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका.

वेल्क्रो: पट्ट्याची ओढ सरळ वर, डोक्याच्या माथ्याकडे हवी. हनुवटीखालून, गालांवरून, कानाच्या पुढून वर. मानेमागे जाणारी पट्टी फक्त घसरू नये म्हणून असते, ती ढिलीच ठेवा. बहुतेकजण हीच आवळतात आणि जबडा मागे रेटला जातो. जबड्याबरोबर जीभही मागे सरकते, म्हणजे जो श्वासमार्ग उघडा ठेवायला मशीन लावलंय तोच अरुंद होतो. हनुवटीचा कप हाडाखाली बसू द्या, गळ्याच्या मऊ भागावर नको.

घट्ट किती म्हणाल, तर दात एकमेकांना जेमतेम टेकावेत, आवळले जाऊ नयेत. थोडा जोर लावला की तोंड उघडता आलंच पाहिजे. सकाळी कानापुढचा सांधा दुखला तर वेल्क्रो सैल करा. पट्टा बांधून झाला की मास्क पुन्हा तपासा, कारण पट्ट्या एकमेकींवर चढल्या की मास्क हमखास तिरका होतो.

जागरण: जबडा मिटलेला राहतो, पण गाल फुगतात आणि ओठांतून फुर्रकन हवा सुटते. अजून आवळू का?

वेल्क्रो: नको. पट्टा जबडा धरतो, ओठ नाही. झोपताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे आणि बाकीची जीभ टाळूला चिकटवायची सवय लावा, हवा तोंडात शिरायची वाटच बंद होते. तरीही सुटत असेल तर फुल फेस मास्कच बरा.

शेवटची_कूस: उशीही बघा. उंच उशीवर हनुवटी छातीकडे झुकते आणि मग पट्टा काही करू शकत नाही. शिवाय तोंड का उघडतंय? नाक चोंदत असेल तर ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) वाढवा, नळीत पाणी जमलं तर हीटेड ट्यूब (गरम राहणारी नळी) लावा. प्रेशर मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

निजानीज: काही गोष्टी राहिल्या. सर्दीने नाक बंद असेल त्या रात्री पट्टा नको. उलटी होण्याची शक्यता असेल, दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तरीही नको. आणि हे वाचून कोणी मशीन सोडून नुसता पट्टा बांधून झोपणार असेल तर: स्लीप ॲप्नियावर, म्हणजे झोपेत श्वास अडण्यावर, तो उपचार नाही. अडथळा घशात असतो, ओठ मिटून तो हटत नाही.

पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. घामाचा थर राहिला की हनुवटीखाली पुरळ येतं, आणि ताणून सैल झालेला पट्टा आवळत बसण्यापेक्षा बदललेला बरा.