भौतिकशास्त्राची पदवी की इंजिनिअरिंग? सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
अर्ज भरायला महिनाभर उरलाय आणि माझं ठरत नाहीये. गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही मनापासून आवडतं. घरचे म्हणतात, इंजिनिअरिंग घे, पुढचं पुढे बघू. मला भीती वाटते की एकदा तिकडे गेले की भौतिकशास्त्र कायमचं सुटेल. आणि भौतिकशास्त्र घेऊन संशोधनात जमलं नाही, तर? या वाटेने गेलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १:
मी भौतिकशास्त्र केलं, आता मोजमापाची उपकरणं बनवतो. कायमचं काही सुटत नाही. डिरॅक यांची पहिली पदवी विद्युत अभियांत्रिकीची (१९२१), नोबेल मिळालं भौतिकशास्त्राचं (१९३३). जॉन बार्डीनसुद्धा आधी विद्युत अभियंता, आणि भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना दोनदा मिळालं, १९५६ आणि १९७२ मध्ये.

पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बघून ठरवू नकोस, तो दोन्हीकडे बराचसा सारखाच असतो. तिसऱ्या वर्षाचा बघ.

आणि एक करून बघ. लंबक साठ अंशांतून सोडला की आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, पुस्तकातल्या सूत्रापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त येतो, कारण ते सूत्र लहान कोनापुरतंच आहे. नेमकं उत्तर काढायला गेलीस की साध्या सूत्रात न मावणारं इंटिग्रल समोर येतं. त्याच्या मागे लागावंसं वाटतं का? की कोन लहानच ठेवून त्याच लंबकाचं घड्याळ करावंसं वाटतं? तिथेही प्रश्न कमी नाहीत: तापमान दहा अंशांनी वाढलं तर पोलादी दांडी इतकी लांबते की घड्याळ दिवसाला ५ सेकंद मागे पडतं. ते कसं थांबवायचं, हे इंजिनिअरिंग. मला दोन्ही प्रश्न सुंदर वाटतात, पण रात्री जागवतो तो पहिला.

प्रतिसाद २:
मी उलट्या वाटेने आले. मेकॅनिकल करून भौतिकशास्त्रात मास्टर्स. जमतं, पण क्वांटम मेकॅनिक्स आणि सांख्यिकीय भौतिकी एकटीने भरून काढताना पहिलं सत्र फार जड गेलं. एक व्यवहाराची गोष्टही लक्षात घे. पूल, इमारतींच्या आराखड्यावर सही करायला बऱ्याच देशांत अभियांत्रिकीची पदवी आणि परवाना लागतो. तसलं काम करायचं असेल तर भौतिकशास्त्राने भागत नाही. बाकी प्रोग्रॅमिंग, इलेक्ट्रॉनिक्स, डेटाचं काम यांत भौतिकशास्त्रवाले सर्रास दिसतात, तेव्हा संशोधन जमलं नाही तर काय, याने घाबरू नकोस.

धागाकर्ती:
खूप आभार. काल एक मीटर दोरीला कुलूप बांधून वीस-वीस झोके मोजले. लहान कोनातून ४०.१ सेकंद, साठ अंशांतून ४२. म्हणजे फरक पाचच टक्क्यांच्या आसपास, सात नाही. हळूहळू झोका लहान होत जातो म्हणून का?

प्रतिसाद १:
हो, त्यामुळेच. आता पहिले पाचच झोके मोज, आणि हेच दहा वेळा करून सरासरी काढ.

धागाकर्ती:
तेच करत बसलेय सकाळपासून.