वाचवलेली मांजर घराला झेपत नाहीये. ठेवावी की सोडावी?

चिमणा बोळ: गाडीच्या बॉनेटखाली अडकलेली मांजर काढली आणि घरी आणली. व्हेट म्हणाले, वय दोनेक वर्षं. लसी आणि नसबंदी उरकली. पण आल्यापासून तिचा मुक्काम पलंगाखाली नाहीतर कपाटावर. जवळ गेलं की कान मागे, फिस्कारणं, तरी हात पुढे नेला की पंजा. परवा सासूबाईंच्या बोटाला कडकडून चावली. आमच्या जुन्या बोक्यावर धावून जाते, तो बिचारा ताटलीकडेही फिरकत नाही. वर पलंगावर शू. नवरा म्हणतो, जिथून आणलीस तिथे सोडून ये. मला ते जमणार नाही, पण सगळं घर धास्तावलंय हेही खरं. मतं हवीत. 'किती पुण्याचं काम केलंत' एवढं सोडून काहीही बोला.

स्पष्टवक्ता: आधी सासूबाईंचं बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली का? डॉक्टरांना दाखवली का? मांजराचा चावा वरून टिकलीएवढा दिसतो, पण दात आत खोल जातो आणि तोंडातले पाश्चुरेला जंतू तिथेच राहतात. बोटाच्या सांध्याजवळ असेल तर एका दिवसात हात सुजतो. रेबीजच्या इंजेक्शनांचं डॉक्टर ठरवतील, 'मांजरीला लस दिलीये' म्हणून घरी बसू नका.
आता मत. सोडा. घरातली माणसं आणि तो बोका आधीपासूनचे आहेत. उपरीसाठी त्यांनी जीव मुठीत धरून का राहायचं?

माळ्यावरून: सोडा म्हणजे कुठे, दादा? मांजर हद्दीवर जगतं. तिच्या जागेवर एव्हाना दुसरं कुणी बसलं असेल. नसबंदी करून परत सोडतात, मान्य. पण ते त्याच जागी, लगेच, आणि तिथे कुणी खायला घालणारं असेल तर. हिची जागा म्हणजे गाडीचं इंजिन!
खरा प्रश्न वेगळा आहे. ही रानटी आहे की नुसती घाबरलेली? पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा माणूस भेटला असेल तर आज ना उद्या ती सैल पडेल.

स्पष्टवक्ता: आणि भेटला नसेल तर? दोन वर्षांच्या रानटी मांजरीला चार भिंतींत कोंडून आपण तिच्यावर उपकार करतोय असं समजायचं? तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

औषधाची बाटली: मी दवाखान्यात काम करते, म्हणून विचारते. तिचे दात कुणी नीट पाहिलेत का? हिरड्या सुजलेल्या असल्या, कंबरेला मार असला, तर गरीब मांजरही चावतं. ही तर इंजिनातून काढलेली. शूचंही तसंच. उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर उडवते की बसून गादीवर करते? पहिला प्रकार हद्दीचा. दुसऱ्यात आधी लघवी तपासा, मूत्राशयाला सूज असू शकते आणि ती नुसत्या ताणानेही येते. पकडून नेणं अवघड असेल तर आधी व्हेटशी बोला, मांजर शांत करणारं गॅबापेंटिन हे औषध लिहून देतात. मनाने देऊ नका.
आणि चावली तेव्हा नेमकं काय चाललं होतं?

चिमणा बोळ: सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं, इंजेक्शनं सुरू आहेत. पलंगाखालचं झाडायचं होतं म्हणून त्या तिला ओढून काढत होत्या. शू बसूनच करते. लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूचा डबा, एकच, बोक्याचा. एक मात्र आहे, रात्री सगळे झोपले की ती शेपटी ताठ वर करून माझ्या दारापाशी येते. मी हलले की पळते.

माळ्यावरून: शेपटी वर करून माणसाच्या दाराशी येणारी मांजर रानटी नव्हे हो! तिला एक वेगळी खोली द्या. दोन मांजरांना तीन बॉक्स, तेही एकाच कोपऱ्यात नकोत. हिच्या अंगाखालचं फडकं बोक्याच्या जागेवर, त्याचं हिच्या. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं. फिस्कारणं थांबलं की मग दार बोटभर उघडायचं.

दोन खोल्यांचा संसार: वेगळी खोली! इथे माणसांना मिळत नाही. आणि बोक्याचं कुणी बोलतच नाहीये. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचते, ते जिवावर बेततं. मला विचाराल तर दुसरं मांजर नसलेलं घर शोधा. फक्त चावल्याचं लपवू नका.

माळ्यावरून: चावरी मोठी मांजर नेणार कोण? सगळ्यांना पिल्लं हवी असतात.

एक वाचक: कटू बोलतो. इतकी आक्रमक असेल तर कायमचं झोपवणं बरं नाही का?

औषधाची बाटली: अजिबात नाही. कान मागे घेतले, फिस्कारली, पंजा मारला, मग चावली, तेही ओढल्यावर. सूचना न देता अंगावर येणारी मांजर वेगळी असते. असाध्य दुखणं निघालं तर तो विषय, आज नाही.

स्पष्टवक्ता: ठीक, रानटी नसेल. तरी मुदत ठरवा. 'बघू थोडे दिवस' म्हणत वर्ष जातं, आणि ते वर्ष बोका काढतो, आपण नाही.

चिमणा बोळ: बोका आज माझ्या खोलीत दार लावून जेवला. नवऱ्याच्या कामाची खोली तिला दिलीये, तो कुरकुरतोय. दातांसाठी आणि लघवीसाठी व्हेटची वेळ घेतली. मुदतही ठरवू. तोवर मांजर नसलेलं, लहान मुलं नसलेलं घर कुणाच्या माहितीत असेल तर कळवा, चावल्याचं सांगूनच देईन.

स्पष्टवक्ता: मुदत किती ते इथे लिहा. नंतर वाढवायची नाही.