परदेशी फिरायला निघताना: व्हिसा, कागदपत्रं, विमानतळावरची चौकशी (सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा)

माहुलीकर
शेजारच्या काकूंचा पासपोर्ट परवा हातात आला. आडनावाचा रकाना कोरा आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव हे तिन्ही पहिल्या नावाच्या रकान्यात सलग. आपल्याकडे जुने असे पासपोर्ट घरोघरी निघतील. जुन्या कितीतरी फाइली त्यावरून आठवल्या, म्हणून धागा काढतोय. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. कोणता कागद, किती दिवस आधी, कुठे अडतं आणि का. ऐकीव नको.

नावापासून सुरुवात. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-160 या ऑनलाइन अर्जात आडनाव रिकामं ठेवता येत नाही. पासपोर्टवर रकाना कोरा असेल तर सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) लिहावं लागतं. मग व्हिसावरही तसंच छापून येतं. दुबईचं त्याहून कडक आहे. नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर टुरिस्ट व्हिसावर यूएईत प्रवेश नाही. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तरच चालतं. उपाय एकच, वैयक्तिक तपशिलात बदल म्हणून पासपोर्ट री-इश्यू करून घ्या. आपले दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात. हे व्हिसाच्या अर्जाआधी करा. अर्ज आत गेल्यावर पासपोर्ट नंबर बदलला की सगळं पहिल्यापासून.

द्राक्षबाग_तासगाव
शेतकऱ्याच्या फाइलबद्दल लिहितो, कारण एजंट लोक पगारदाराचीच यादी सगळ्यांच्या हातात ठेवतात. सॅलरी स्लिप, फॉर्म 16, रजेचं पत्र. शेतकऱ्याने यातलं काय द्यायचं?

द्यायचं ते असं. सातबारा आणि 8-अ, डिजिटल सहीचे, ताजे. कारखान्याची ऊसबिलं. दलालाच्या किंवा मार्केट यार्डाच्या हिशोबपट्ट्या. बेदाणा कोल्ड स्टोरेजला असेल तर त्याची पावती. 3 वर्षांची आयकर विवरणपत्रं; शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात दाखवलेलं असावं. आणि 6 महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यानिशी.

अडतं ते स्टेटमेंटवर. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम येते. आपल्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी खातं कोरडं असतं आणि मार्चमध्ये द्राक्षाचे एकदम 6-7 लाख जमा होतात. तपासणाऱ्याला ते अर्जासाठी उसने आणून भरलेले पैसे वाटतात, आणि तशा संशयावर नकार येतो. म्हणून त्या प्रत्येक मोठ्या जमेवर पेनाने खूण करा, शेजारी 1, 2, 3 आकडे टाका आणि त्याच आकड्याची हिशोबपट्टी मागे लावा. कव्हरिंग लेटरमध्ये दोन ओळी: पीक कोणतं, छाटणी कधी, माल कधी जातो, म्हणून पैसे याच महिन्यात का येतात. युरोपातल्या अधिकाऱ्याला एप्रिल छाटणी-ऑक्टोबर छाटणी कुठून माहीत असणार? आपणच सांगायला हवं.

मिरजेची_ताई
पतसंस्थेचं पासबुक चालतं का? हाताने लिहिलेलं आहे. आणि हे सगळे कागद मराठीत आहेत त्याचं काय?

द्राक्षबाग_तासगाव
ताई, पतसंस्थेची ठेव जोडीला दाखवा, मुख्य आधार म्हणून नको. हस्तलिखित पासबुकाऐवजी लेटरहेडवर शिल्लक-दाखला घ्या. जिल्हा बँकेचं छापील स्टेटमेंट चालतं.

भाषांतर लागतंच. ब्रिटनला मराठी कागद तसाच गेला तर तो हिशोबात धरत नाहीत. भाषांतराखाली भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'हे मूळ मजकुराचं अचूक भाषांतर आहे' असं वाक्य हवं. सातबाऱ्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, कंसात एकर लिहायला सांगा. गट नंबर, सहहिस्सेदारांची नावंही येऊ द्या. सातबाऱ्यावर पाच भाऊ असतील आणि सगळं रान एकाचंच दाखवलं तर ते लगेच दिसतं.

कऱ्हाड_सैदापूर
युरोप. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस. मे महिन्यात जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच अपॉइंटमेंट बघा, कारण सगळा महाराष्ट्र शाळेच्या सुट्टीतच निघतो. निर्णयाला नेहमी 15 दिवस, शंका आली तर 45 पर्यंत.

फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वयाला 45, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी फी परत नाही.

पासपोर्ट मागच्या 10 वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान 3 महिने मुदत उरलेली, 2 पानं कोरी. विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा. पोचायच्या दिवशी पहाटेचं विमान उतरतं आणि विमा दुसऱ्या दिवसापासून असतो, ही चूक फार होते.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त रात्री त्या देशाकडे. रात्री समान असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकू नका. हॉटेल बुकिंग मोजूनच बघतात.

वाई_ढोल्या
+1. आणि पॅरिस-लंडन-ॲमस्टरडॅम असा बेत असेल तर लक्षात घ्या, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. सिंगल एंट्री व्हिसावर पॅरिसहून लंडनला गेलात की ती एंट्री संपली. परत ॲमस्टरडॅमला उतरता येणार नाही. अर्जातच मल्टिपल मागा आणि ब्रिटनचा व्हिसा आधी काढून त्याची प्रत जोडा.

कऱ्हाड_सैदापूर
बरोबर. शिवाय स्टिकरवर दोन गोष्टी असतात, तारखांची चौकट आणि मुक्कामाचे दिवस. चौकट 1 ते 30 जूनची आणि दिवस 12 असतील तर 12च. पोचायचा आणि निघायचा दोन्ही दिवस धरतात. स्टिकर हातात आल्या आल्या नाव, पासपोर्ट नंबर, दिवस तपासा, चूक असेल तर लगेच कळवा.

एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी एक चांगलं झालंय. मागच्या 3 वर्षांत 2 शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा 2 वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, त्यानंतर 5 वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी हवी.

इस्लामपूर_पेठ
मुलगी जर्मनीत आहे, आईवडील जाणार. वडील माध्यमिक शिक्षक, निवृत्त. हॉटेल बुकिंग लागेल का?

कऱ्हाड_सैदापूर
मुलीकडेच राहणार असतील तर नाही लागत. मुलीने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून फेरफ्लिख्टुंग्स-एर्क्लेरुंग काढून मूळ प्रत कुरिअरने पाठवायची. आईवडिलांचा खर्च तिच्यावर, अशी ती कायदेशीर हमी असते. त्यासोबत मुलीच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत, नातं दाखवायला तिचा जन्मदाखला. दाखल्यावरचं आईचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर लग्नाचा दाखला लावा. सरांचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आणि पेन्शन जमा होणारं खातंही जोडा, हमी असली तरी.

कवठेमहांकाळ_ताई
सामानाचंही कुणीतरी लिहा की! लेकीकडे जाणारी बाई मसाला नेल्याशिवाय राहील का.

मिरजेची_ताई
ताई, दुबईला कांदा-लसूण मसाला नेणार असाल तर आधी थांबा. त्यात खसखस असते. यूएईत खसखस बंदी घातलेल्या अमली पदार्थांच्या यादीत येते, लोकांना त्यापायी तुरुंग झालेला आहे. घरचा मसाला न्यायचा तर खसखस न घालता वेगळा कुटा. अनारसे, खसखस लावलेल्या करंज्या, काहीच नको. औषधांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली गोळी-सिरप तिकडे परवानगीशिवाय नेता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह.

कवठेमहांकाळ_ताई
बापरे, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे तर वर्षाचा मसाला एकदमच होतो, आता दोन घाणे करायला लागणार. आणि साताऱ्याचे कंदी पेढे?

माहुलीकर
युरोपात नाही. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे आणि पेढा म्हणजे निव्वळ खवा. ऑस्ट्रेलियात तर विमानातल्या कार्डावर खायचं सगळं जाहीर करायचं असतं. जाहीर केलं आणि चालत नसेल तर ते काढून घेतात, विषय संपला. लपवलं आणि सापडलं तर दंड, शिवाय व्हिसावरही गदा येऊ शकते. लाडू, तूप, बेदाणे, लोणचं, सगळ्यावर 'होय'ची खूण करा.

ऑस्ट्रेलियाचंच चाललंय तर, 75 किंवा जास्त वय असेल तर व्हिजिटर व्हिसाला त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी होते. व्हिसापत्रात 8503 अट आहे का बघा. असेल तर तिथे राहून मुदत वाढवायला जवळजवळ वाव नाही.

फलटण_जिंती
अमेरिका थोडक्यात. डीएस-160 भरताना अर्ज क्रमांक आधी लिहून घ्या, पान थोडा वेळ तसंच राहिलं तर बंद पडतं. फी 185 डॉलर. फोटो 2 बाय 2 इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. आधी ठसे-फोटोची अपॉइंटमेंट, नंतर मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. नवा डीएस-160 भरला तर अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमधला बारकोड क्रमांकही बदला, नाहीतर दारातून परत.

मुलाखत मराठीत देता येते. आईवडिलांना इंग्रजी वाक्यं पाठ करायला लावू नका, अडखळली की संशय वाढतो. नातवंडांचं वय, मुलगा काय काम करतो, किती दिवस राहणार, इकडे मागे कोण बघतंय, एवढं सरळ मराठीत सांगता आलं तरी पुष्कळ. फाइल बहुतेक वेळा उघडतही नाहीत. अर्जात लिहिलेलं आणि तोंडाने सांगितलेलं एक हवं.

10 वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे 10 वर्षं राहता येतं असं नाही. किती दिवस राहायचं ते तिथे उतरल्यावर आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवर ठरतं, साधारण 6 महिने. ते ऑनलाइन उघडून तारीख बघा.

शिराळा_बत्तीस
आमच्या गावची मंडळी नेपाळला चाललीत, पशुपतिनाथ. आधार पुरेल ना?

वाई_ढोल्या
नाही दादा. नेपाळला व्हिसा नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त 65 च्या वर आणि 15 च्या खालच्यांना चालतं. ग्रुपमध्ये मधल्या वयाच्या सुना-लेकी असतात, त्यांचं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं असेल तर तिकीटही त्याच नावाने काढा. भूतानला जोडून जाणार असाल तर तिथे भारतीयांना माणशी रोज रात्रीचे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, ते बजेटमध्ये धरा.

शिराळा_बत्तीस
आभारी आहे. आजच सगळ्यांना कार्ड शोधायला सांगतो. 42 माणसं आहेत.

मिरज_दर्गा_रोड
उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) जाणाऱ्यांनी मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) लस किमान 10 दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र सोबत ठेवा. केनियाच्या सफारीवाल्यांनी यलो फीव्हरची, तीही 10 दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच. तिथले लोक विचारोत न विचारोत, परत येताना आपलं सरकार विचारतं. पिवळं कार्ड (या लशीचं प्रमाणपत्र) नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड एकदा मिळालं की जन्मभर चालतं.

विटा_रेवणगाव
थायलंड, मलेशियाचा व्हिसा माफ आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. थायलंडला मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड, मलेशियाला त्यांचं वेगळं, सिंगापूरला तिसरं. तिन्ही पोचायच्या आधी 3 दिवसांत भरायची आणि तिन्ही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा वेगळा लागतोच, कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिएतनामचा ई-व्हिसा सिंगल 25 डॉलर, मल्टिपल 50. तिथेही हुबेहूब दिसणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. या देशांना पासपोर्टवर 6 महिने शिल्लक हवेत. विमान कंपनी मुंबईतच थांबवते, तिकडे पोचूच देत नाही.

जपानच्या ई-व्हिसाला आणखी एक. विमानतळावर तो फोनवर, चालू इंटरनेटवर दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. फोन चार्ज ठेवा.

फलटण_जिंती
स्वस्त मिळतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका. एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) बॅग थेट पुढे जाते. दोन तिकिटं असली की मधल्या देशात बाहेर येऊन बॅग उचलायची, म्हणजे त्या देशाचा प्रवेश लागला. अमेरिकेतून नुसतं पुढे जायचं असलं तरी व्हिसा लागतोच.

कोरेगाव_वाघा
व्हिसा केंद्राच्या अपॉइंटमेंटला पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्याची कोंडी धरून निघा. उशीर झाला तर वेळ रद्द. आणि सगळेच देश पुण्यात अर्ज घेत नाहीत, काहींना मुंबईच.

द्राक्षबाग_तासगाव
ठशांचं राहिलं. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात हळद काढणीचे दिवस असले तर भेगाही. यंत्र चार-चार वेळा नाकारतं आणि माणूस घाबरून जातो. आठवडाभर रोज रात्री हाताला खोबरेल चोळा, त्या दिवशी सकाळी साबणाने धुऊन कोरडे करा. मेंदी नको, कापलं असेल तर भरून येईपर्यंत तारीख पुढे घ्या. ठसे द्यायच्या आधी कर्मचाऱ्याला सांगा, ते बोट हलकेच दाबून पुन्हा घेतात. शेंगेनला 12 च्या आतल्या मुलांना ठसे नाहीत. मोठ्यांचे 59 महिने चालतात, तेवढ्यात पुन्हा अर्ज केला तर जुन्या व्हिसाची प्रत जोडा. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवरही ठसे आणि चेहरा घ्यायला सुरुवात झालीय, तेव्हा निघायच्या आठवड्यातही खोबरेल चालू ठेवा.