नदीकाठच्या जुन्या सोसायटीत फ्लॅट घेण्याआधी इमारत कशी तपासून घ्यावी?

घरशोध_सिंहगडरोड

नमस्कार. पुण्यात विठ्ठलवाडीच्या बाजूला, नदीपासून दोन गल्ल्या आत, १९८९ मध्ये बांधलेल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत पडलाय. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, त्यामुळे वरचा मजला नकोच. मी शिकवते ती शाळाही इथून चालत जाण्यासारखी. मालकांनी नुकताच रंग दिलाय, फरशा नव्या बसवल्यात. एजंट म्हणतो, "पाणी आलं तरी पार्किंगपर्यंतच येतं, तुमच्या घराला काय होणार?" पण २५ जुलै २०२४ ला जवळच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, दहा मिनिटांत सगळं बघून झालं त्याचं. टोकन देण्याआधी खरी तपासणी कोणाकडून करून घ्यायची? सोसायटी करू देते का? आयुष्याची पुंजी यात जाणार आहे, म्हणून विचारतेय.

तुळई

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या सोसायट्यांच्या इमारतींची मजबुती तपासते, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट करते. जरा सविस्तर लिहिते.

व्हॅल्युअर बघतो ते बँकेचं कर्ज वसूल होईल का, एवढंच. इमारत अजून किती वर्षं टिकेल, हा त्याचा प्रश्नच नसतो. त्यासाठी स्वतःचा इंजिनिअर न्या. मालकाने किंवा एजंटने सुचवलेला नको.

आणि फ्लॅट शेवटी बघा. सुरुवात पार्किंगपासून करा. घराला रंग देऊन सजवता येतं. मीटरची खोली, लिफ्टचा खड्डा, जिन्याखालची जागा यांच्याकडे मात्र विकणाऱ्याचं सहसा लक्ष जात नाही. तुमचं पहिल्या मजल्यावरचं घर त्याच पार्किंगमधल्या कॉलमांवर उभं आहे. म्हणून "पाणी पार्किंगपर्यंतच येतं" हे वाक्य मला फार खटकतं. अख्ख्या इमारतीचं वजन जिथे उतरतं, तिथेच ते पाणी येतंय.

एखाद्या पुराने आरसीसी इमारत सहसा लगेच धोक्यात येत नाही. नुकसान सावकाश होतं. चांगल्या काँक्रीटमध्ये क्षारता असते, तीच आतल्या सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जाऊन ही क्षारता संपवतो. त्यात कॉलमचा पायथा सारखा ओला-सुका होत राहिला, की सळई गंज धरते, फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. आरसीसीला किमान एम-२० काँक्रीट हवं (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत), ही अट आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या बऱ्याच इमारतींत एम-१५ आहे, म्हणजे ओल शिरायला वाट जास्त.

भेगा नीट वाचायला शिका. बीम आणि खालची वीटभिंत जिथे मिळतात तिथली आडवी बारीक रेघ बहुतेक घरांत असते, तिला घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि खालच्या-वरच्या मजल्यांवरही त्याच जागी दिसणारी भेग म्हणजे पाया एका बाजूला बसत असल्याची शंका. काठालगत कुठे काळी माती, कुठे राडारोड्याचा भराव असतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तशी भेगही उघडझाप करते. म्हणून मे महिन्यात एकदा आणि भर पावसात एकदा जाऊन बघता आलं तर उत्तम. तिसरी भेग सगळ्यात वाईट: कॉलमच्या कडेने, सळईच्या रेषेत उभी जाणारी. तिच्या आजूबाजूला छोट्या हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर गिलावा किंवा त्याच्या आडचं काँक्रीट सुटलंय.

लोणा लागलेली भिंत, खालून फुगलेल्या दाराच्या चौकटी, पार्किंगमधल्या स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग, हे सगळं फोटोसकट टिपून ठेवा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण किती उंचीवर आहे ते आवर्जून बघा. पुरात ड्रेनेज उलटं येतं आणि झाकण खाली असेल तर ते पाणी थेट पिण्याच्या पाण्यात जातं.

आता परवानगी. कॉलम-बीम सगळ्या सोसायटीचे, त्यामुळे नुसतं बघायला कोणी अडवत नाही, पण कोअर, म्हणजे तपासणीसाठी काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा, कापून काढायचा तर कमिटीची लेखी संमती लागते. आणि एका खरेदीदारासाठी ती देतीलच असं नाही. त्याऐवजी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं तुम्हाला मिळणार नाहीत, पण विकणारा सभासद आहे, त्याला प्रती मागता येतात. गळती, दुरुस्ती निधी, कमिटीतले वाद, सगळं त्यात सापडतं. मी तर अहवालाआधी इतिवृत्तच वाचते.

काठावरची

मी याच भागात राहते. २०२४ च्या पुराच्या त्या रात्री खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला, आम्ही झोपेतच होतो. नंतर लष्कराला बोलवावं लागलं. तुळईताईंनी इमारतीचं सांगितलं, मी माणसांचं सांगते. वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या आजींना विचारा: पाणी कुठपर्यंत चढलं, वीज किती दिवस नव्हती, टाकी कोणी धुऊन घेतली? पुरानंतर मीटर वर सरकवले असतील तर ती कमिटी जागी आहे असं समजा. मीटर अजून गुडघ्याच्या उंचीवरच असतील, तर मी तरी तिथे घर घेणार नाही. आणि सासूबाईंचं म्हणता म्हणून सांगते. लिफ्ट बंद, खाली छातीभर पाणी, अशा रात्री त्यांना कोण आणि कसं बाहेर काढणार, हे आधी घरात बोलून ठेवा.

घरशोध_सिंहगडरोड

दोघींचे मनापासून आभार. काल मिस्टरांना घेऊन पार्किंगमध्येच तासभर काढला. मीटर वर घेतलेत, टाकीचं झाकणही उंच केलंय, ते बघून बरं वाटलं. पण नदीच्या अंगाच्या दोन कॉलमांना तुम्ही म्हणता तशा उभ्या भेगा आहेत, एकावर नवा गिलावाही दिसतो. सेक्रेटरींनी ऑडिट झाल्याचं सांगितलं, अहवाल दाखवायला मात्र टाळाटाळ. मालक म्हणतात, "काही वर्षांत रीडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला काळजी करता?"

तुळई

रीडेव्हलपमेंटच्या भरवशावर पैसे देऊ नका. महापालिकेकडून झोन दाखला घ्या आणि इमारत पूररेषांच्या कुठल्या बाजूला येते ते विकास आराखड्याच्या नकाशावर बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, दोन्हींच्या मधे अटी आहेत. बिल्डर हे गणित तुमच्याआधी करतो.

त्या दोन कॉलमांसाठी कमिटीकडे अख्खा कोअर मागू नका, थोडीशी जागा फोडू द्या म्हणावं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फ्थॅलीन हे क्षारता दाखवणारं रसायन शिंपडतात. गडद गुलाबी झालं तर क्षारता शाबूत, रंगच आला नाही तर तिथपर्यंत ती संपलेली. सळईपर्यंत गुलाबी रंग नसेल, तर वरून गिलावा करून भागत नाही. कॉलमला टेकू देऊन, सुटलेलं काँक्रीट काढून, सळई साफ करून जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं आवरण, करावं लागतं. खर्च सगळ्या सभासदांत वाटला जातो आणि घर घेतलंत की त्या सभासदांत तुम्हीही आलात.

टोकन अजून देऊ नका. दिलंच तर इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्या: ऑडिट अहवाल आणि या दोन कॉलमांची तपासणी समाधानकारक नसेल तर पूर्ण रक्कम परत, आणि नोंदणीआधी ठरलेल्या दुरुस्तीचा वाटा विकणाऱ्याचा. मालक सही करायला तयार नसतील, तर मला तरी तो फ्लॅट सोडून द्यावासा वाटेल.