मदत हवी आहे: क्रशरच्या बुशला वनस्पती तेल घातलं, राळ झाली, तेल उतरंना

गाळप_चालू:
गूळ बिनरसायनाचा म्हणून विकतो, त्यामुळं रसाजवळ ९० नंबरचं खनिज गिअर तेल नको होतं. लाटांच्या (ऊस पिळणाऱ्या रुळांच्या) बुशला, म्हणजे दांडा ज्या धातूच्या कड्यात फिरतो त्याला, वनस्पती तेल सुरू केलं. आता बुशच्या तोंडाला तपकिरी राळ धरलीय, नळीतून तेल उतरंना, बुशवर हात ठेववत नाही. रॉकेलनं धुतलं, राळ निघंना. कुठलं तेल घालू तेवढंच सांगा. ऊस तोडून पडलाय, लेक्चर नको.

उद्यमनगर_टर्नर:
कुठलं वनस्पती तेल? बुश गनमेटलचा की ओतीव लोखंडाचा? लाटेचे फेरे मिनिटाला किती? तेल वातीनं देता की थेंबनळीनं?

गाळप_चालू:
चांगलं तेल आहे, घाण्याचं, दोनदा गाळलेलं. बुश नेहमीचेच.

वंगणवाला:
गाळून कचरा जातो, तेलाचा स्वभाव जात नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल की सोयाबीन? यावरच सगळं आहे.

पन्हाळा_गुळव्या:
खोबरेल घाला. आयोडीन मूल्य (जास्त तितकं तेल लवकर वाळतं) जेमतेम ७ ते १०, राळ धरायचा प्रश्नच नाही.

उद्यमनगर_टर्नर:
आणि डिसेंबरात पहाटे क्रशर सुरू करताना? खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. नळीत मेणबत्ती होईल आणि पहिला अर्धा तास बुश कोरडा फिरेल.

गाळप_चालू:
करडई. बुश गनमेटल. फेरे १० च्या आसपास. थेंबनळी पितळी. झालं? आता सांगा.

वंगणवाला:
हे आधी हवं होतं. करडईचं आयोडीन मूल्य १४० च्या घरात, त्यात लिनोलेइक आम्ल जवळपास तीन चतुर्थांश. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, म्हणून तर ते रंग-रोगणात वापरतात. ओलेइक या दुसऱ्या तेल-आम्लाचा ऑक्सिडेशनचा (हवा घेऊन वाळायचा) वेग १ धरला तर लिनोलेइकचा साधारण १० पट. त्यात गनमेटल आणि पितळ, दोन्हींत तांबं, आणि तांबं ही क्रिया आणखी पळवतं. शिवाय तापमान दर १० अंशांनी वाढलं की वेग ढोबळमानानं दुप्पट. बुश तापला म्हणून राळ झाली, आणि राळेनं तेल अडलं म्हणून बुश आणखी तापला.

दुसरी भानगड घट्टपणाची. करडई तेल ४० अंशांना ३०-३५ सेंटिस्टोकच्या (घट्टपणाचं माप) आसपास. १० फेऱ्यांवर, एवढ्या दाबाखाली, त्याचा थर टिकत नाही. राळ झाली नसती तरी बुश घासला असता.





ग्रीसगन:
कशाला एवढा खटाटोप? लिथियम ग्रीस भरा, हंगाम निघतो.

वंगणवाला:
बुशपाशी रस झिरपतो. उसाचा रस आंबट, पीएच ५ च्या थोडा वर. साधं लिथियम ग्रीस सतत भिजलं की मऊ पडून धुऊन जातं, आणि जातं कुठं तर रसाच्या पन्हाळीत. ग्रीसच घ्यायचं तर कॅल्शियम सल्फोनेटचं, एच-१ नोंदणीचं, म्हणजे खाद्यमालाजवळच्या यंत्रांसाठीचं. एच-१ म्हणजे खायचं नव्हे. चुकून लागलं तर मालात १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा), इतकाच त्याचा अर्थ. त्याच्या जोरावर पन्हाळीवरचं झाकण काढू नका.

करंज_समर्थक:
करंज तेल का नाही? आयोडीन मूल्य ८०-९०, आपल्या भागात झाडं भरपूर.

वंगणवाला:
कडू आणि अखाद्य. बैलगाडीच्या आसाला खुशाल लावा, काहिलीत जाणाऱ्या रसाजवळ नको.

गाळप_चालू:
मग घालू काय???

वंगणवाला:
एरंडेल, औद्योगिक एफएसजी (फर्स्ट स्पेशल ग्रेड) प्रतीचं, आम्लांक (तेलातल्या मोकळ्या आम्लाचं माप) २ च्या आत. ४० अंशांना अडीचशे सेंटिस्टोकच्या जवळ, आणि धातूला धरून राहतं. आयोडीन मूल्य ८२ ते ९०. कालांतरानं तेही चिकटतं, पण करडईच्या मानानं पुष्कळ सावकाश. पण आधी सफाई.

पिकलेली राळ रॉकेलात विरघळत नाही, तिचा साबण करावा लागतो. २० लिटर पाण्यात १ किलो कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, नाहीतर उसळतं. हातमोजे, चष्मा हवेच. ६० अंशांपर्यंत गरम करून लोखंडी भाग दोन-तीन तास बुडवा. गनमेटल एका वेळी २० मिनिटं, मग ब्रश. ॲल्युमिनियमचा तुकडाही त्यात जाऊ देऊ नका. भरपूर पाण्यानं धुवा, वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज.

उद्यमनगर_टर्नर:
बुशच्या तेलखाचा स्क्रेपरनं मोकळ्या करा, आडवी कानस मारू नका. खाच बोथट झाली असेल तर कडेला थोडा उतार द्या, धारदार कड तेल खरवडून टाकते. पितळी नळी काढून स्टीलची घाला. आणि डब्याच्या तळाशी जुनं ९० नंबर आहे का?

गाळप_चालू:
असेल थोडं. डबा तोच आहे.

उद्यमनगर_टर्नर:
सगळं काढा. एरंडेल खनिज तेलात मिसळत नाही, थर वेगळे राहतात आणि नळीत कधी हे, कधी ते उतरतं. ९० नंबरमधलं गंधक तापल्यावर गनमेटल काळं पाडतं, ते वेगळंच.

वंगणवाला:
राळ आणखी लांबवायची तर बीएचटी (तेलाचं ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) ०.२ टक्के. २० लिटर एरंडेल म्हणजे १९ किलोच्या थोडं वर, त्याला ३८ ग्रॅम. एक लिटर तेल ८० अंशांपर्यंत तापवून त्यात विरघळवा, मग बाकीच्यात ओता. थंड तेलात टाकाल तर तळाशी बसेल.

पन्हाळा_गुळव्या:
खाद्यतेलात बीएचटीची मर्यादा ०.०२ टक्के आहे. तुम्ही दहापट सांगताय. बिनरसायनाचं लेबल लावणाऱ्या माणसाला हे सांगणं बरोबर नाही.

वंगणवाला:
मुद्दा मान्य. मग बीएचटी वगळा, डबा झाकणाचा घ्या, महिनाभराचंच तेल भरा आणि दर आठवड्याला नळी उघडून बघा. बोटांत धरून तार सुटायला लागली की बदला. थेंब मिनिटाला ५-६ पासून सुरू करा आणि बुशची ऊब बघून कमी-जास्त करा.

गाळप_चालू:
बरं. एरंडेल सांगितलंय, उद्या येईल. चेनला पण हेच घालू ना? तिथंही तसंच चिकटलंय.

उद्यमनगर_टर्नर:
चेन? चेनचं आत्ता सांगताय होय. कुठली चेन, ऊस चढवायची की चिपाडाची? चुलवणाच्या किती जवळून जाते?