कॅरिबूच्या शिकारीला अलास्कात जायचंय, तयारी काय लागते?

उद्यमनगर_लेथ, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. वय ५०, उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. थोरल्या भावाचा मुलगा सहा वर्षं अलास्कात फेअरबँक्सला आहे. तो दरवर्षी एक कॅरिबू, म्हणजे तिकडचं रानटी रेनडिअर, मारतो आणि त्यावर घरची वर्षाची मटणाची सोय होते. परवा फोनवर म्हणाला, "काका, पुढच्या खेपेला तुम्ही या." तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

कारण सांगतो. माझे आजोबा राजाराम महाराजांच्या वेळी दरबारच्या चित्तेखान्यात होते, शिकारीसाठी पाळलेले चित्ते असायचे तिथं. काळवीट टप्प्यात आलं की चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढायची, हे त्यांचं काम. त्यातली एक टोपी आमच्याकडं अजून आहे. वरचं कातडं वाळून लाकडासारखं झालंय, पण आत जिथं चित्त्याचा गाल घासायचा तिथं ते काळं, तकतकीत आणि मऊ आहे. लहानपणी मी ती हातात घेऊन झोपायचो.

आपल्याकडं शिकारबंदी आहे ती योग्यच आहे. दाजीपूरचा गवा त्यामुळंच टिकला. पण जिथं कायद्यानं चालतं तिथं एकदा रानात उभं राहायचंय. मला स्वतःला बंदूक चालवता येईल का? रेंजवर पॉइंट टू टू रायफलचा सराव आहे. कुठला महिना धरू? घरात गौरी-गणपती असतात, ते सोडून निघणार नाही. चालणं किती असतं? आणि शिंगं घरी आणता येतील का? टोपीशेजारी भिंतीवर लावायची इच्छा आहे.

प्रयागचिखली_ते_फेअरबँक्स

काका, मी इथं अकरा वर्षं आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. तुम्ही भारतीय पासपोर्टवर येणार, म्हणजे तुमच्या नावानं कॅरिबू मारायचा तर अलास्काच्या कायद्यानं परवानाधारक गाइड सोबत लागतोच. अमेरिकेच्या दुसऱ्या राज्यातल्या नागरिकाला कॅरिबूसाठी गाइडची सक्ती नाही, परदेशी माणसाला आहे. सख्खा पुतण्या बरोबर असला म्हणून सूट मिळत नाही. त्यात परवाना ६३० डॉलर, टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना-बिल्ला, ८५० डॉलर आणि गाइडचे हजारो डॉलर वेगळे.

माझं ऐकाल तर पुतण्याच्या टॅगवर पुतण्याला मारू दे. सलग १२ महिने इथं घर करून राहिला की तो अलास्काचा रहिवासी धरला जातो, त्याला गाइड लागत नाही. तुम्ही बंदुकीला हात न लावता बरोबर जा आणि मांस वाहायला लागा. यात कमीपणा मानू नका, कारण खरं काम गोळी सुटल्यावरच सुरू होतं. मोठा नर १६० ते १८० किलोंचा असतो. चारी फरे, मान, बरगड्या, पुठ, खाण्याजोगं सगळं बाहेर आणावंच लागतं. टाकून दिलं तर गुन्हा. आणि मांस पूर्ण बाहेर आल्याशिवाय शिंगं हलवायची नाहीत. हा नियम मला फार आवडतो.

चालण्याचं म्हणाल तर इथनं उत्तरेला जाणाऱ्या डाल्टन हायवेच्या दोन्ही बाजूंना ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर, फक्त धनुष्यबाण चालतो. रायफलवाल्यानं त्याच्या पलीकडं जायचं. आपल्या रस्त्यावर ८ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. टुंड्रावर, म्हणजे तिकडच्या बिनझाडांच्या थंड माळावर, डोक्याएवढाले गवताचे झुपके असतात आणि मधे पाणी. झुपक्यावर पाय दिला की तो कलंडतो, खाली दिला की पाय घोट्याच्या वर आत जातो. पहिल्या वर्षी मित्राबरोबर मांस काढायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि दुसऱ्या दिवशी मी वाटेत बसून रडलोय. याच हायवेवर कोल्डफूट गावानंतर शेवटच्या डेडहॉर्सपर्यंत २४० मैल पेट्रोल नाही, मोबाइललाही रेंज नाही.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ चांगला. दव गोठायला लागलं की डास मरतात, टुंड्रा लालभडक होतो. ऑक्टोबरात नर माजावर येतात आणि मांसाला उग्र वास लागतो. गौरी-गणपती उशिरा असतील त्या वर्षी पंचाईत, तेव्हा आधी पंचांग बघा. फेअरबँक्सहून जवळ म्हणजे स्टीझ हायवेवरचा फोर्टीमाइल कळप, पण ठरलेला आकडा भरला की हंगाम मधेच बंद करतात. म्हणून तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा. लहान विमानानं आत गेलात तर उतरल्या दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच.

एक सांगायचं राहिलं. कॅरिबू चालताना त्याच्या पायातली शीर हाडावरून सरकते आणि टक्-टक् वाजतं. धुक्यात कळप दिसायच्या आधी तो आवाज येतो. शेकडो पायांचा. त्यासाठी तरी याच.

कागलची_नर्स, यलोनाइफ

कोणी कॅनडा सुचवायच्या आत लिहिते. इथं नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्येही बाहेरच्या माणसाला आउटफिटरशिवाय, म्हणजे शिकारीची सोय करणाऱ्या परवानाधारकाशिवाय, मोठी शिकार करता येत नाही, आणि कॅरिबूची अवस्था बघवत नाही. बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये साधारण ४ लाख ७० हजारांचा होता, २०१८ च्या गणतीत ८,२०० उरले. क्वेबेक-लॅब्राडोरचा जॉर्ज रिव्हर कळप १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ८ लाखांच्या घरात होता, २०१८ मध्ये साडेपाच हजार. माझ्या वॉर्डात एक देने, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीतले, आजोबा होते. ते म्हणायचे, पुढं चालणाऱ्यांना कधी मारायचं नाही, वाट त्यांना माहीत असते, मागचे त्यांच्यामागून येतात. दादा, पुतण्याला एवढं नक्की सांगा.

आणि शिंगं दिसली म्हणजे नर, असं समजू नका. कॅरिबूच्या माद्यांनाही शिंगं असतात.

मसाई_पठार

शिंगांचा विचार सोडा. वन्यप्राण्याचे अवयव भारतात आणायला बंदी आहे, विमानतळावरच अडकाल. तयारीसाठी मात्र कोल्हापूरसारखी जागा नाही. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड करा, पाठीवर दहा-दहा किलोचे दोन गुळाचे रवे बांधून. मसाई पठारावर पाणी साठतं तिथनं मुद्दाम चाला, पायवाट सोडून.

उद्यमनगर_लेथ, कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुतण्याशी बोललो. गाइडचं त्यालाही माहीत नव्हतं. ठरलं, मारणार तो, वाहणार मी. शिंगं त्याच्याच घरी राहतील.

टक्-टक् वाचलं आणि आजोबांची आठवण आली. ते सांगायचे, टोपीनं डोळे झाकलेले असले तरी काळविटांचा कळप जवळ आला की गाडीवर बसलेल्या चित्त्याचे कान आधी फिरायचे. त्यावरून त्यांना कळायचं कुठल्या बाजूला बघायचं ते.

आषाढात मसाईला जातोय, रवे बांधूनच. आता बूट कसले घेऊ तेवढं सांगा.

प्रयागचिखली_ते_फेअरबँक्स

गुडघ्यापर्यंतचे रबरी, आत लोकरीचे मोजे. विकत घेऊ नका, माझ्याकडं ९ नंबरचा जोड जादा आहे. पायाचा नंबर कळवा.