मदत हवी आहे: डिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी 'लाईन' विकतंय, ॲडमिन म्हणून मी अडकेन का?

छत्रीवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगावात माझं डिश फिटिंग-दुरुस्तीचं दुकान आहे. सांगली-सातारा भागातल्या फिटरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) गेला, पावसात सिग्नल तुटतोय, जुन्या जाळीच्या छत्रीवर अजून काय लागतं, असलं तिथं चालतं. आजवर काही कटकट नव्हती.

मध्यंतरी एकानं तिथं लाईन टाकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पैसे भरून घेतलेलं खरं कार्ड कुठंतरी एका सर्व्हरला लावलेलं असतं. चॅनेल उघडायची चावी दर काही सेकंदांनी बदलते. ती त्या कार्डातून काढून इंटरनेटवरून बाकीच्यांच्या बॉक्सला पाठवतात. रिचार्ज एकाचं, बघणारी घरं कितीतरी. लाईन म्हणजे त्या सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड. हा पठ्ठ्या महिन्याला दोनशे घेतो, फोनपेवर. खाली लगेच 'मला पण', 'मला पण' सुरू झालं, आणि एकानं कुठला बॉक्स चालेल ते सविस्तर लिहिलं.

आता कराडजवळ हायवेवरचा एक ढाबेवाला मागे लागलाय. जुनं गिऱ्हाईक. म्हणतो, लाईन मी घेतो, तू फक्त छत्री बसव आणि बॉक्समध्ये तेवढी भरून दे, मजुरी देतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्यात ग्रुपवर एक जण म्हणाला की त्याच्या भागात कंपनीची माणसं फोटो काढून गेली. खरंखोटं देव जाणे, पण झोप उडाली.

मजुरी घेऊन नुसतं बसवून दिलं तर माझ्यावर येतं की ढाबेवाल्यावर? दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजला ॲडमिन जबाबदार का? आणि हे कसं चालतं याची चर्चासुद्धा बंद करायची का? मंडळी म्हणतायत ग्रुपच उडवून टाका. घरची मंडळी.

कृष्णाकाठ

घाबरतोस कशाला भाऊ. घरात बसून बघणाऱ्याला कोण विचारतंय? गावोगाव चालतंय.

काळाकोट

'गावोगाव चालतंय' हे कोर्टात ऐकून घेत नाहीत. छत्रीवाले, मी फौजदारी कामं बघतो. तुमचे कागद बघितलेले नाहीत, त्यामुळे ढोबळ सांगतो.

कॉपीराइट कायदा, १९५७. कलम ३७ नं प्रक्षेपण करणाऱ्याला त्या प्रक्षेपणावर स्वतःचा हक्क दिलाय. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून हक्क मोडणारा येतो, आणि त्याला साथ देणाराही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कारणं नोंदवून कोर्ट त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं, पण तुम्ही मजुरी घेतलीत की ती वाट अवघड. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं: हक्क मोडायच्या इराद्यानं संरक्षणाची तांत्रिक व्यवस्था चुकवली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, जामिनाला कोर्टात जावं लागतं.

छत्री बसवणं हा गुन्हा नाही, तो तुमचा धंदा आहे. लाईन भरून देणं ही मदत. ढाबेवाल्यावर येईल की तुमच्यावर असं विचारलंत, तर दोघांवर येऊ शकतं.

ॲडमिनबद्दल: मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की नुसता ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या मेसेजची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, दोघांचा इरादा एक होता हे दाखवावं लागतं. ते प्रकरण वेगळ्या स्वरूपाचं होतं, तरी मुद्दा तुमच्या कामाचा. पण तुम्ही तो मेसेज वाचलाय, इथं लिहूनही मोकळे झालात. आता तसाच ठेवून वर ढाब्यावर तीच लाईन भरलीत, तर इरादा वेगळा होता हे पटवणं कठीण.

ग्रुप उडवू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, मग मेसेज काढा, त्या माणसाला काढा, आणि कारण ग्रुपवर लिहा. नोटीस आल्यावर घाईनं सगळं पुसलंत तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं.

चावी कशी बदलते, कार्ड कसं काम करतं, हे खुशाल बोला. एन्क्रिप्शनच्या संशोधनाला ६५अ मध्येच मोकळीक आहे, वस्तू रीतसर मिळवलेली असली की झालं. पत्ता, पासवर्ड आणि 'ये, करून देतो' इथं चर्चा संपते.

मिरजमळा

कृष्णाकाठ, अमेरिकेत २००० नंतरच्या काही वर्षांत डायरेक्टीव्ही या तिथल्या डिश कंपनीनं काय केलं ते वाचा. कार्डं प्रोग्राम करायची यंत्रं विकणाऱ्यांकडून गिऱ्हाइकांच्या याद्या मिळवल्या आणि हजारो घरांत पत्रं धाडली, साडेतीन हजार डॉलर भरा नाहीतर कोर्टात या. त्यात ज्यांनी यंत्र दुसऱ्याच कामाला घेतलं होतं तेही सापडले. इथं तर यादी आयती आहे, फोनपेत.

छत्रीवाले, ढाब्याला दूरदर्शनची फ्री डिश लावून द्या. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व, आपल्याकडून तोंड आग्नेयेला. महिन्याचं काही नाही. भारताचे जे सामने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर होतात, ते २००७ च्या कायद्यानं प्रसारभारतीला द्यावेच लागतात, त्यामुळे डीडी स्पोर्ट्सवर दिसतात.

छत्रीवाला_तासगाव

आभारी आहे काळाकोट साहेब. चॅट काढून ठेवली, त्याला काढला. लगेच दोघं रुसून बाहेर पडले, पडू देत. ढाबेवाल्याशी बोललो. फ्री डिश म्हणतोय चालेल, पण आयपीएलचं काय? घरचं कनेक्शन ढाब्यात आणून लावतो म्हणतोय.

काळाकोट

नको. ते घरगुती म्हणून घेतलेलं असतं, दुकान-हॉटेलात दाखवायला नाही. धंद्याची जागा आहे असं सांगून त्याच्या नावावर घ्यायला लावा, दर वेगळा पडेल. आणि तुम्ही जे बसवाल त्याचं बिल करा, त्यात काय बसवलं ते लिहा.

कृष्णाकाठ

साहेब, एक विचारू का? कुणी तीन महिन्यांचे आगाऊ भरले असतील आणि आता परत मागितले, तर ते मेसेजही पुरावा धरतात का?

काळाकोट

येऊन भेटा. इथं लिहू नका.